न नांगरण्याचा खंड

२० एप्रिल २०१० रोजी मेक्सिकोच्या आखातात ‘डीपवॉटर होरायझन’ या तेलविहिरीच्या फलाटावर स्फोट झाला. ११ कामगार मृत्युमुखी पडले आणि पुढे जवळजवळ तीन महिने समुद्राच्या तळातून तेल उसळत राहिलं. लुइझियानाच्या किनाऱ्यावरची गवताळ दलदल काळवंडू लागली, तेव्हा अमेरिकेच्या कृषी खात्याला वेगळीच घाई झाली होती. उत्तरेतून निघणारी लाखो बदकं आणि किनारपक्षी उन्हाळा सरताच नेमके याच किनाऱ्यावर उतरणार होते. पक्ष्यांची वाट बदलणं कोणाच्या हातात नव्हतं. मात्र किनाऱ्याच्या अलीकडे त्यांना दुसरी जागा देता येत होती.

मग खात्याने आतल्या भागातल्या शेतकऱ्यांना निरोप धाडला: भात निघाला, सोयाबीन निघालं की बांध नीट करा, शेतात घोटाभर पाणी सोडा आणि ते टिकवून ठेवा, खर्च आणि मोबदला आमचा. आठ राज्यांत मिळून सुमारे ४ लाख ७० हजार एकर जमीन या योजनेत आली. शेतकऱ्यांनी पाणी सोडलं, पक्षी उतरले, धनादेश निघाले.

शेतकऱ्याने पिकवावं म्हणून सरकार पैसे देतं, हे आपल्या परिचयाचं आहे. बियाणं, खत, वीज, हमीभाव हे सगळं त्यातच येतं. पिकवू नये म्हणून, पाणी काढू नये म्हणून, जमीन आहे तशी ठेवावी म्हणून पैसे देणं मात्र ऐकायलाही चमत्कारिक वाटतं. तरीही गेल्या नव्वद वर्षांत अमेरिकेने हे इतक्या मोठ्या प्रमाणावर केलं आहे की तिथली बदकं, अस्वलं, नद्यांचं पाणी आणि खेड्यातली दुकानं या सगळ्यांवर त्याचा ठसा उमटला आहे. अशा योजनेचं यशापयश बहुधा तिच्या पर्यावरणीय हेतूपेक्षा मक्याचा भाव आणि कराराची मुदत या दोन गोष्टींवर ठरतं, हेही याच इतिहासातून दिसतं.

आधी उलटी गोष्ट सांगायला हवी. ज्या सरकारने पाणथळ जागा राखायला पुढे पैसे मोजले, त्याच सरकारने त्या बुजवायलाही मदत केली होती. १८४९, १८५० आणि १८६० च्या ‘स्वॅम्प लँड’ कायद्यांनी सुमारे साडेसहा कोटी एकर दलदलीची सरकारी जमीन राज्यांना देऊन टाकली. उद्देश एकच होता: विका, पाणी काढा, पिकाखाली आणा. दलदल म्हणजे हिवताप, डास आणि वाया गेलेली जमीन, असा तेव्हाचा सरळ हिशेब होता. विसाव्या शतकात जमिनीखाली निचरा-नळ्या घालायला कृषी खात्याने शेतकऱ्यांना पैसे आणि तांत्रिक सल्ला दोन्ही पुरवले. सांगली-कोल्हापूरकडे चिबड जमिनी सुधारायला भूमिगत निचऱ्याच्या नळ्या घालतात, तसंच हे तंत्र. फरक इतकाच की आपल्याकडची चिबड बरीचशी अति सिंचनाने आलेली आहे, तर तिथल्या उत्तरेकडच्या पाणथळी बऱ्याचशा हिमनद्या मागे हटल्यापासूनच्या होत्या. १७८० च्या दशकात मुख्य ४८ राज्यांच्या हद्दीत अंदाजे २२ कोटी १० लाख एकर पाणथळ जमीन होती. १९८० च्या दशकात १० कोटी ४० लाख उरली. कॅलिफोर्निया, ओहायो आणि आयोवा या राज्यांनी दहातल्या नऊ पाणथळी गमावल्या.

शेत पडीक ठेवायला पैसे देण्याची कल्पना मात्र पाण्यातून आली नाही, धुळीतून आली. १९३० च्या दशकात ओक्लाहोमा, कॅन्ससच्या माळावर गवत उलथून गहू लावलेला होता. पाऊस गेला, भाव पडले आणि मोकळी माती वाऱ्याबरोबर उडाली. मे १९३४ च्या वादळाची धूळ न्यू यॉर्कपर्यंत आणि पुढे अटलांटिकमधल्या जहाजांवर पडली. ह्यू हॅमंड बेनेट हा मृदाशास्त्रज्ञ जमिनीच्या धुपेविरुद्ध कितीतरी वर्षं कंठशोष करत होता. १९३५ च्या वसंतात तो काँग्रेसच्या समितीपुढे बोलत असताना पश्चिमेकडून धुळीचा ढग राजधानीवर येणार, हे त्याला आधीच कळलं होतं आणि तो मुद्दाम भाषण लांबवत राहिला, अशी कथा सांगतात. कथेत मीठमसाला असेलही. पण २७ एप्रिल १९३५ रोजी मृदसंधारण सेवेचा कायदा झाला, हे खरं आहे.

पुढच्याच वर्षी एक गंमत झाली. फ्रँकलिन रूझवेल्टच्या सरकारने १९३३ पासून शेतकऱ्यांना उत्पादन कमी करण्यासाठी पैसे द्यायला सुरुवात केली होती, म्हणजे भाव सावरतील. जानेवारी १९३६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती योजना घटनाबाह्य ठरवली. सरकारने दोन महिन्यांच्या आत नवा कायदा आणला. त्यात पैसे उत्पादन घटवण्यासाठी नव्हते. माती झिजवणारी पिकं सोडून माती राखणारी पिकं घेण्यासाठी होते. झिजवणारी पिकं कोणती, तर गहू, मका, कापूस, तंबाखू. म्हणजे ज्यांचा बाजारात पूर आला होता तीच! संवर्धनाचं अनुदान जन्माला आलं ते असं, अर्धं मातीच्या काळजीतून आणि अर्धं वकिली चातुर्यातून. या दोन हेतूंची गाठ पुढे कधीच पूर्ण सुटली नाही. १९५६ च्या ‘सॉइल बँक’ योजनेत १९६० पर्यंत २ कोटी ८७ लाख एकर जमीन पडीक राहिली, तेव्हाही कोठारांत गहू मावत नव्हता हेच मुख्य कारण होतं.

१९७२ मध्ये सोव्हिएत संघाने अमेरिकेकडून प्रचंड धान्य उचललं आणि वारं फिरलं. कृषिमंत्री अर्ल बट्झ यांनी कुंपणापासून कुंपणापर्यंत पेरा, असं शेतकऱ्यांना सांगितलं. शेतकऱ्यांनी ऐकलं. सॉइल बँकेच्या काळात लावलेली झाडं आणि गवतं उखडली गेली, उतारावरच्या जमिनी नांगरल्या, कर्जं काढून ट्रॅक्टर आले. १९८० च्या दशकात निर्यात घटली, व्याजदर चढले, जमिनीच्या किमती कोसळल्या आणि शेतांचे लिलाव सुरू झाले.

त्या आपत्तीतून २३ डिसेंबर १९८५ चा कृषी कायदा निघाला. त्याला एक हात देणारा होता आणि एक घेणारा. देणारा हात म्हणजे ‘कॉन्झर्वेशन रिझर्व्ह प्रोग्रॅम’. धूप होणारी शेतजमीन सरकारने १० ते १५ वर्षं खंडाने घ्यायची आणि तिच्यावर काहीही पिकवायचं नाही. गवत किंवा झाडं लावायची, लावण्याचा निम्मा खर्चही सरकारचा. घेणारा हात ‘स्वॅम्पबस्टर’ या नावाने ओळखला जातो. या तारखेनंतर जो शेतकरी पाणथळ बुजवून पीक घेईल, त्याची बाकीची सरकारी अनुदानं बंद. बंदी नव्हे, स्वतःच्या जमिनीवर पाणी काढायला कोणी अडवत नव्हतं. फक्त मग सरकारच्या दारात यायचं नाही. अमेरिकी शेतकऱ्याच्या उत्पन्नात सरकारी पैशाचा वाटा पाहता ही शिक्षा पुरेशी जड होती.

खंड ठरवण्यात सरकारला पहिला धडा मिळाला. शेतकऱ्यांनी बोली लावायची आणि सरकारने स्वस्त बोल्या घ्यायच्या, अशी पद्धत होती. प्रत्येक भागासाठी सरकारने कमाल दर ठरवला होता आणि तो गुप्त होता. पण गुपित कुठलं टिकायला! एक-दोन फेऱ्यांत सगळ्यांना आकडा कळला आणि बोल्या बरोबर त्या आकड्याला येऊन चिकटल्या. ज्या हलक्या जमिनीला बाजारात कोणी निम्माही खंड दिला नसता, तिला कमाल खंड मिळाला. चांगल्या पण धुपणाऱ्या जमिनी बाहेरच राहिल्या. १९९० च्या कायद्यानंतर मातीच्या प्रतीप्रमाणे खंड आणि पर्यावरणीय लाभाचे गुण अशी पद्धत आली. धूप किती थांबेल, पाणी किती स्वच्छ होईल, पक्ष्यांना किती उपयोग, खर्च किती, या सगळ्याचे गुण लावून बोली निवडायची. आजही आयोवाच्या काळ्या जमिनीला एकरी दोनशे डॉलरहून जास्त खंड मिळतो, तर माँटानाच्या कोरडवाहू माळाला तीस-चाळीस.

२००७ मध्ये या योजनेखाली ३ कोटी ६८ लाख एकर जमीन होती. महाराष्ट्राच्या जवळजवळ निम्म्या क्षेत्रफळाइतकी शेती, आणि तिच्यावर गवत.

या गवताचा सर्वांत नेमका हिशेब उत्तर आणि दक्षिण डकोटात लागतो. तिथे हिमनद्या वितळताना मागे लाखो लहान-मोठे खळगे राहिले. वसंतात बर्फ वितळून ते भरतात, काही महिनाभरात आटतात, काही उन्हाळाभर टिकतात. आयोवापासून कॅनडाच्या अल्बर्टापर्यंत पसरलेला हा खळग्यांचा माळ उत्तर अमेरिकेतल्या निम्म्याहून अधिक बदकांचं प्रजननस्थान आहे. इथे एक बारकावा आहे. उथळ, लवकर आटणारा खळगा शेतकऱ्याला सर्वांत निरुपयोगी वाटतो, कारण पेरणीच्या वेळी ट्रॅक्टर तिथेच रुततो. मादी बदकाला मात्र तोच लागतो. उथळ पाणी लवकर तापतं, त्यात किडे आणि गोगलगायी लवकर होतात आणि अंडी घालण्यासाठी लागणारी प्रथिनं त्यातूनच मिळतात. तिचं घरटं पाण्यात नसतं, आसपासच्या गवतात असतं. खळगा राहिला आणि सभोवती बांधापर्यंत नांगर फिरला तर घरटी गवताच्या अरुंद पट्ट्यात कोंडतात आणि कोल्हे, रॅकून, स्कंक तो पट्टा सहज धुंडाळतात.

त्यामुळे गवताच्या योजनेने बदकांना हात दिला, जरी ती मुळात बदकांसाठी नव्हती. अमेरिकी वन्यजीव सेवेच्या संशोधकांनी काढलेला अंदाज असा की या माळावरच्या राखीव गवतामुळे १९९० च्या दशकापासून पुढे दर वर्षी सरासरी २० लाख जास्तीची बदकं तयार झाली.

खळग्यांसाठी पैसा आणखी एका वाटेने आला होता आणि तो शिकाऱ्यांच्या खिशातला होता. १९३४ पासून सोळा वर्षांवरच्या प्रत्येक बदक-शिकाऱ्याला दर वर्षी एक तिकीट घ्यावं लागतं. पहिलं तिकीट एक डॉलरचं होतं आणि त्यावरचं चित्र जे ‘डिंग’ डार्लिंग यांनी काढलं होतं. डार्लिंग पुलित्झर मिळवलेले व्यंगचित्रकार; रूझवेल्टवर टीका करणारे, आणि रूझवेल्टनेच त्यांना वन्यजीव खात्याच्या प्रमुखपदी बसवलेलं. आज हे तिकीट २५ डॉलरचं आहे. १९५८ नंतर या पैशातून सरकार शेतकऱ्यांकडून कायमचा हक्क विकत घेऊ लागलं: एकदाच रक्कम घ्या, जमीन तुमचीच, पीकही घ्या, पण खळगा उपसायचा नाही, भरायचा नाही, जाळायचा नाही. शेत विकलं गेलं तरी ही अट जमिनीबरोबर जाते. त्या वेळी एकरी थोडक्या डॉलरना दिलेल्या हक्कांवर आजचे नातू कुरकुरतात, तेही समजण्यासारखं आहे. पण खळगे जागेवर आहेत.

गवताच्या करारांचं तसं नव्हतं, हे २००७ नंतर दिसलं.

डिसेंबर २००७ च्या ऊर्जा कायद्याने पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचं प्रमाण वाढवलं. अमेरिकेत इथेनॉल मक्यापासून होतं. २००५ मध्ये दोन डॉलरच्या आसपास रेंगाळणारा मक्याचा बुशेल २०१२ च्या दुष्काळात आठ डॉलरवर गेला. नेमके त्याच काळात १९९० च्या दशकात झालेले दहा वर्षांचे करार संपत होते. शेतकऱ्याने काय करावं? सरकार एकरी चाळीस डॉलर देतंय आणि शेजारी जमीन खंडाने घ्यायला शंभर डॉलर घेऊन उभा आहे. उत्तर डकोटात योजनेखाली असलेली जवळजवळ ३४ लाख एकर जमीन काही वर्षांत निम्म्याहून खाली आली. २००६ ते २०११ या काळात डकोटा, नेब्रास्का, मिनेसोटा आणि आयोवात मिळून सुमारे १३ लाख एकर गवताळ जमीन मका आणि सोयाबीनखाली गेली, असं उपग्रह-चित्रांच्या अभ्यासातून २०१३ मध्ये पुढे आलं. देशाचा एकूण आकडा २०२० पर्यंत २ कोटी २० लाख एकरांवर घसरला. भर म्हणजे संसदेने काटकसरीसाठी योजनेची कमाल मर्यादाही कमी केली होती. वीस वर्षांत अब्जावधी डॉलर देऊन वाढवलेलं गवत काही हंगामांत नांगराखाली गेलं, आणि नांगराला भाव मिळवून दिला तोही सरकारच्याच दुसऱ्या खात्याने.

यात शेतकऱ्याला दोष देणं सोपं आहे आणि चुकीचंही. त्याने करार मोडला नाही, मुदत पाळली. सरकारने दहा वर्षांचं भाडं दिलं होतं आणि दहा वर्षं घर मिळालं.

म्हणून पाणथळींसाठी अमेरिकेने वेगळा मार्ग काढला. १९९० च्या कायद्यात ‘वेटलँड्स रिझर्व्ह प्रोग्रॅम’ आला आणि १९९२ मध्ये नऊ राज्यांत त्याची सुरुवात झाली. त्यात कायमचा हक्क विकायचा किंवा तीस वर्षांचा. कायमच्या हक्काला पूर्ण किंमत आणि पुनर्बांधणीचा जवळजवळ सगळा खर्च. तीस वर्षांना साधारण अर्धी ते पाऊण किंमत. जमिनीची मालकी, शिकार, मासेमारी आणि कोणाला आत येऊ द्यायचं हे ठरवण्याचा हक्क मालकाकडेच. सात-बारावर नाव तुमचं, नांगर मात्र नाही, असं आपल्या भाषेत म्हणता येईल. १९९३ च्या मिसिसिपीच्या महापुरानंतर या योजनेला खरी गती मिळाली. बंधारे फुटून शेतात वाळूचे थर बसलेले शेतकरी स्वतःहून पुढे आले, कारण दर काही वर्षांनी बुडणाऱ्या जमिनीत पुन्हा पैसा घालायचा त्यांना वीट आला होता. २०१० च्या दशकाच्या सुरुवातीला ११ हजारांहून अधिक मालक आणि २३ लाखांहून अधिक एकर या योजनेत होते.

पाणथळ परत आणण्याचं काम ऐकायला सोपं आहे. जमिनीखालच्या निचरा-नळ्या शोधून जागोजाग फोडायच्या, चर मातीने बुजवायचे, एक-दोन बुटके बांध घालायचे आणि पावसाची वाट पाहायची. इंडियानातल्या लिंटनजवळचं गूज पाँड हे याचं गाजलेलं उदाहरण. शंभर वर्षं त्या सखल भागातून पाणी काढून मका घेण्याचा खटाटोप अनेकांनी केला. अखेर सुमारे ८ हजार एकरांवर योजनेचा हक्क आला, २००५ मध्ये राज्य सरकारने जमीन घेतली, आणि आता तिथे वसंतात हजारो सँडहिल क्रौंच उतरतात. मात्र वनस्पतींच्या बाबतीत निसर्ग इतका उदार नाही. पाणकणीस आणि काही पाणवनस्पती आपोआप येतात. कडेच्या ओल्या कुरणातलं लव्हाळं आणि फुलझाडं कित्येक दशकं नांगरलेल्या जमिनीत बी न उरल्याने येत नाहीत. ती हाताने लावावी लागतात आणि त्यासाठीची तरतूद अंदाजपत्रकात बहुधा सर्वांत आधी कापली जाते.

दक्षिणेकडे लुइझियानात याच योजनेने एक अस्वल वाचवलं. १९०२ मध्ये मिसिसिपीत शिकारीला गेलेल्या थिओडोर रूझवेल्टने झाडाला बांधलेल्या ज्या अस्वलाला मारायचं नाकारलं आणि ज्याच्यावरून टेडी बेअर हे खेळणं निघालं, त्याच उपजातीचं हे अस्वल. नदीकाठची रानं तोडून सोयाबीन लावल्यामुळे १९९२ मध्ये त्याला संकटग्रस्त यादीत घालावं लागलं. पूर येणाऱ्या शेतांवर पुन्हा ओक आणि सायप्रसची झाडं उभी राहिली, खासगी जमिनीवरच्या लाखाहून अधिक एकरांनी तुटलेल्या रानांना जोडलं, आणि २०१६ मध्ये अस्वल यादीतून बाहेर आलं.

हे सगळं वाचून योजना निर्दोष वाटेल. तशी ती नाही. गवताच्या योजनेत यायचं तर जमीन आधीची काही वर्षं पिकाखाली असावी लागते. म्हणजे ज्याने आजोबांच्या काळापासून माळ नांगरलाच नाही, त्याला पैसे नाहीत. ज्याने नांगरून माती घालवली, त्याला खंड. न नांगरलेल्या कुरणांसाठी वेगळी सोय फार उशिरा आली. लहान गावांचीही तक्रार होती. वयस्क शेतकरी सगळं शेत योजनेत घालून ॲरिझोनाला राहायला गेला की बियाणं, खत, डिझेल, सुटे भाग विकणाऱ्याने काय करायचं? म्हणूनच एका काउंटीतली २५ टक्क्यांहून अधिक शेतजमीन योजनेत घेऊ नये, असा नियम आहे. अर्थतज्ज्ञांचा वाद निराळाच. शंभर एकर पडीक ठेवले तर शेतकरी, किंवा त्याचा शेजारी, दुसरीकडे वीस एकर नवी जमीन फोडतो, असा हिशेब २००० मध्ये एका अभ्यासाने मांडला. तो आकडा फुगलेला आहे असं इतरांनी दाखवायचा प्रयत्न केला आणि भांडण अजून मिटलेलं नाही.

ब्रिटनचा अनुभव याहून मजेशीर आहे. १९८१ च्या वन्यजीव कायद्याने तिथे असा पायंडा पाडला की शेतकऱ्याला संवर्धनासाठी थांबवलं तर त्याचा बुडालेला नफा भरून द्यायचा. नॉरफकच्या हॅल्व्हरगेट कुरणात शेतकरी पाणी काढून गहू लावू म्हणू लागले. गव्हाचा नफा युरोपीय हमीभावावर उभा होता. म्हणजे करदात्याने आधी गहू महाग करायचा आणि मग गहू न लावण्याबद्दल त्या महाग गव्हाची भरपाई द्यायची. नांगराची धमकी हेच उत्पन्नाचं साधन झालं. १९८५ मध्ये तिथे पद्धत बदलली. धमकी देवो न देवो, जो गुरं चारत राहील त्या प्रत्येकाला एकरी ५० पौंड. मोबदला नुकसानीचा राहिला नाही, कामाचा झाला. जवळपास सगळे शेतकरी आले आणि पुढच्या संपूर्ण ब्रिटिश धोरणाचा साचा त्यातून बनला.

दुसऱ्या टोकाला कॅलिफोर्नियाचा प्रयोग आहे. तिथे १९९१ च्या कायद्याने भाताचा पेंढा जाळण्यावर निर्बंध आले, म्हणून शेतकरी तो कुजवण्यासाठी हिवाळ्यात खाचरात पाणी ठेवू लागले आणि नकळत बदकांची सोय झाली. किनारपक्ष्यांना मात्र वसंताच्या तोंडावर, पाणी सोडून दिल्यानंतर, काही आठवडे जास्तीचं उथळ पाणी हवं असतं. २०१४ पासून एका खासगी संवर्धन संस्थेने हौशी पक्षीनिरीक्षकांच्या नोंदींवरून पक्षी कुठल्या आठवड्यात कुठे येतात ते काढलं आणि शेतकऱ्यांकडून उलट्या लिलावात बोल्या मागवल्या: चार आठवडे पाणी ठेवायचे किती घ्याल? कायमचा हक्क घेण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त पडतं. दुष्काळात पाणीच नसेल तर काय, हा प्रश्न मात्र तसाच राहतो.

आता कायद्याची बाजूही बदलली आहे. २०२३ मध्ये अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने स्वच्छ पाणी कायद्याचं संरक्षण, पृष्ठभागावरून मोठ्या जलप्रवाहाला सलग जोडलेल्या पाणथळींपुरतंच मर्यादित केलं. डकोटाचे सुटे खळगे त्यात बसत नाहीत. त्यांच्यासाठी केंद्राच्या पातळीवर उरलं ते बव्हंशी अनुदान, आणि अनुदान बंद होण्याचं भय.

आपल्याकडे अशी व्यापक योजना नाही, आणि कायद्याचीही एक अडचण आहे. २०१७ च्या पाणथळ नियमांतून भातखाचरं आणि सिंचनासाठी बांधलेले तलाव वगळलेले आहेत. महाराष्ट्रातले सारस क्रौंच काही डझनच उरले आहेत आणि ते मुख्यतः गोंदिया-भंडाऱ्याच्या धानपट्ट्यात राहतात. त्यांचा वावर असतो धानाच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, आणि सिंचनासाठी बांधलेल्या माजी मालगुजारी तलावांच्या काठावर. म्हणजे नेमक्या त्याच दोन जागी ज्यांना नियम पाणथळ मानत नाहीत. २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सारसाच्या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली. पण बांधीतलं घरटं राखायचं की नाही, हे रोवणीच्या दिवसांत शेवटी शेतकरीच ठरवतो.

समुद्राच्या बाबतीत महाराष्ट्राने एक पाऊल टाकलेलं आहे. जाळ्यात अडकलेलं कासव किंवा देवमुशी सोडवण्यासाठी मच्छीमाराने जाळं कापलं आणि त्याचं चित्रीकरण दिलं, तर २०१८ च्या योजनेनुसार २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. जमिनीवर, उत्तर सह्याद्रीत, पुण्याच्या एईआरएफ या संस्थेने खासगी रानांच्या मालकांशी ठरावीक वर्षं झाडं न तोडण्याचे करार केले आहेत. शिवाय धनेशाच्या ढोलीचे मोठे बेहडे उभे राहावेत म्हणून बेहड्याच्या फळाला प्रमाणित बाजार मिळवून दिला. हा पैसा सरकारी नाही आणि प्रमाणही लहान आहे, पण ठेकेदाराने लाकडाचा भाव सांगितल्यावर मालकाच्या हातात दुसरा एक आकडा असावा, हे त्याने साधलं.

डकोटाची नक्कल इथे जमणार नाही, ती जमिनीच्या आकारामुळे. तिथलं सरासरी शेत हजार एकरांच्या पुढचं, महाराष्ट्रातलं सव्वातीन एकरांच्या आसपास. हजारो तुकड्यांशी वेगवेगळे करार करायचे, मोजणी करायची, दर वर्षी पाहणी करायची म्हटलं तर मोबदल्यापेक्षा कारकुनीच महाग पडेल. नेदरलँड्सने २०१६ पासून यावर उपाय केला: सरकार एकेका शेतकऱ्याशी करार करत नाही, ४० शेतकरी-गटांशी करतं, आणि कोणत्या शेतात कधी गवत कापायचं, कुठे पाणी ठेवायचं, कोणाला किती द्यायचं हे गट आपसात ठरवतो. धानपट्ट्यात असे गट नव्याने बांधावे लागणार नाहीत. अनेक मालगुजारी तलाव ढीवर समाजाच्या मच्छीमार सहकारी संस्थांकडे मासेमारीसाठी असतात. काही संस्थांनी तलावातली बेशरमाची झुडपं उपटून स्थानिक पाणवनस्पती पुन्हा लावल्या आहेत, आणि ती कामं त्यांनी प्रामुख्याने माशांसाठी केली. तलावाखालच्या बांध्यांचे मालक त्यांच्याबरोबर बसले, तर करारावर सही करणारा पक्ष तयार होतो. मग घरट्याभोवतीच्या चार हात धानाचा भाव काय लावायचा, एवढंच बोलायचं राहतं.